घुटीचं पाणी

नालवाडी, वर्धा
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय शकू,

तुझी तब्येत कशी आहे? पायांवर सूज येते असं काकू सांगत होत्या. मीठ कमी खा आणि दुपारी पाय उशीवर ठेवून पडत जा. परवा पवनारला गेले होते, तेव्हा काकू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. लेकीसाठी डिंकाचे लाडू करायचे आहेत, पण बाळंतपणाला पवनारला येणार की पुलगावलाच राहणार ते तू सांगत नाहीस, म्हणून त्या खोळंबल्या आहेत. बाकी घरी सगळं ठीक. माझी सुनीता यंदा सातवीत आहे आणि तिला गणित येत नाही, म्हणजे ती माझीच मुलगी आहे यात कुणाला शंका राहिलेली नाही. आमच्या ह्यांची बदली टळली. मी अजून त्याच पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. तीच खोली, तोच भिंतीला आलेला ओलावा, जिल्हाभरातून येणाऱ्या त्याच बाटल्या.

दिवाळीत तू पवनारला आलीस तेव्हा मला तुझ्याशी एक बोलायचं होतं. आपण मागच्या ओट्यावर बसलो होतो, आठवतं? मी हिवरझरीचं नाव काढलं आणि तू चहा ठेवायला उठलीस. चहा झाला, मी परत विषय काढला, तर तुला वाळत घातलेले कपडे आठवले. तिसऱ्यांदा मी काढला नाही. तुला दुखवून काही सांगावं असं मला कधी वाटलेलं नाही, आजही नाही. पण कागदापुढून उठून चहा ठेवायला जायचं कारण नाही. फार तर बाजूला ठेवशील. ठेव, थोडं रडून घे, पण फाडू नकोस. पुन्हा उचल आणि शेवटपर्यंत वाच. एवढं माझ्यासाठी कर.

लहानपणी धाम नदीच्या पात्रातल्या त्या काळ्या खडकांवर आपण धुणं घेऊन जायचो, तेव्हा सगळ्या मुलींत तूच धीट होतीस. पूर ओसरताना पाण्यात पहिला पाय तुझा पडायचा. मी काठावर उभी राहून भ्यायची आणि तू म्हणायचीस, “काऊन वं विमे, नदी का खाते तुले?” तुझं लग्न ठरलं तेव्हा मला रडू आलं होतं ते याच गोष्टीचं, की आता मला पाण्यात ओढून नेणारं कुणी राहणार नाही. हिवरझरी तेव्हा मी पाहिलेली नव्हती. केळझरच्या पलीकडे डोंगराच्या पोटात गाव, घरचं शेत, आणि गावाला बारमाही झरा, एवढंच ऐकलं होतं. तुझे सासरे नव्हते, सासूबाई आनंदाबाई खमक्या, आणि नवरा रूपराव अबोल. पहिल्या दिवाळीला आलीस तेव्हा तू झऱ्याचंच कौतुक जास्त केलं होतंस. वैशाखातही दातांना कळ लागावी इतकं थंड पाणी, म्हणालीस.

मग त्र्याहत्तर साली पहिल्या बाळंतपणाला तू पवनारला आलीस. दिवाकर झाला. बारशाला मी त्याला मांडीवर घेतला होता आणि त्यानं माझं नवं लुगडं ओलं केलं होतं. शकू, तुला त्याचं ते रूप आठवतं का, की नंतरचंच आठवतं? मला तेच आठवतं. मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या पडल्या होत्या. आठवड्या-आठवड्याला अंगडी आखूड व्हायची. काकू त्याला उन्हात तेल लावायच्या आणि दृष्ट लागेल म्हणून कपाळावर, गालावर, तळपायाला, जिथं जागा दिसेल तिथं काजळ लावायच्या. तुमच्या माहेरी बाळाला घुटी उगाळून द्यायची रीत नव्हती. काकू म्हणायच्या, “मायचं दूध हाय ना, मंग आनखी काय पायजे?” तेवढ्यावरच तो बाळसं धरून होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. याच्यावर थोडा वेळ थांब आणि मग पुढं वाच.

आषाढात आनंदाबाई स्वतः येऊन तुला आणि बाळाला घेऊन गेल्या. पोळ्याच्या आत तू एकटी परत आलीस. तेव्हा काय झालं ते तू मला एकदाच सांगितलंस, नदीवर, माझ्याकडे पाठ करून, कपडे आपटता आपटता. त्याला जुलाब लागले. सुईणीनं सांगितलं, मायचं दूध बाधलं, अंगावरचं बंद करा. बंद केलं. तुझी छाती दगडासारखी झाली, पदर भिजायचा, आतल्या खोलीत तो रडायचा, आणि तुला त्याच्याजवळ जाऊ देत नव्हते. मग दूध खरंच बाधतं का ते पाहायला वाटीत तुझं दूध काढून त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. आनंदाबाईंनी ती वाटी घरातल्या सगळ्यांना दाखवली. बाळ गेल्यावर रूपराव काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या त्या न बोलण्यावरच तुझी पाठवणी झाली. पुढं किती वर्षं तू पवनारला कुणाच्या लेकराला हात लावला नाहीस, ते मी पाहिलंय. माझ्या सुनीताला सुद्धा तू लांबूनच हसायचीस. पुलगावच्या प्रभाकररावांशी तुझं दुसरं लग्न ठरून पाट लागला तेव्हा तू मला विचारलं होतंस, “त्याइले सांगा लागते का वं, माह्या दुधाचं?” मी म्हणाले होते, सांगण्यासारखं त्यात काही नाही. तेव्हा माझ्याकडे माया होती, पुरावा नव्हता.

आता गेल्या श्रावणातली गोष्ट सांगते. सेलूकडून खबर आली, की हिवरझरीत हगवणीची साथ आहे, म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना जास्त. एक तरुण डॉक्टरीणबाई निघाल्या आणि पाण्याचे नमुने घ्यायला त्यांच्याबरोबर मला पाठवलं. त्या गावाशी माझं काय नातं, ते साहेबांना काय सांगणार? जीप ओढ्यापाशी अडली. पुढं चिखलातून चालत गेलो, मी बर्फाची पेटी धरून आणि बाई औषधांची.

तुझा तो झरा मी त्या दिवशी पाहिला. खरंच सुंदर आहे, शकू. दोन कातळांच्या मधल्या फटीतून पाणी येतं, आवाज न करता, आणि खालच्या दगडी कुंडात साठतं. कुंडाच्या काठावर शेंदूर, उदबत्त्या, नारळाची कवडं. केळझरच्या गणपतीला आलेली माणसंही वाट वाकडी करून इथं येतात आणि बाटल्या भरून नेतात, असं कळलं. नितळ इतकं, की तळाचे खडे मोजावेत. पण मी त्या धंद्यातली बाई. मी पाण्याआधी वरचा उतार पाहिला. कुंडाच्या वरच्या अंगाला गुरांचं आखर आहे, सकाळी गावातली सगळी गुरं तिथं गोळा होतात. त्याच्या बाजूला करवंदीच्या जाळीआड बाया-माणसं परसाकडे जातात. आणि वरच्या बाजूची कुंडाची भिंत खचली आहे. पाऊस पडला, की तो सगळा उतार धुऊन पाणी त्या भगदाडातून कुंडात उतरतं. गाळ तळाशी बसतो, वर पुन्हा नितळ. डोळ्यांना काही दिसत नाही, जिभेलाही लागत नाही.

मी दोन जागचे नमुने घेतले. एक कुंडातला आणि एक अगदी कातळाच्या फटीतला, जिथं पाणी पहिल्यांदा उजेडात येतं. तोवर डॉक्टरीणबाई घरं फिरत होत्या. त्यांनी मला एका घरी बोलावलं, आणि ते आनंदाबाईंचं घर निघालं. त्यांनी मला ओळखलं नाही. रूपरावांची दुसरी बायको मंदा भिंतीला टेकून बसली होती, विशीतली असेल, आणि तिच्या मांडीवर काही महिन्यांची मुलगी होती. डोळे खोल गेलेले, टाळू दबलेली. बाईंनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगावर पाजता का, असं त्यांनी मंदाला विचारलं. आनंदाबाई म्हणाल्या, “बंद केलं कालपासून. हिचं दूध बाधून राह्यलं पोरीले.”

सहाणेवर घुटी उगाळून ठेवली होती. शेजारी तांब्यात कुंडाचं पाणी. आणि कोनाड्यात एक वाटी होती, दुधाची. मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

मी तो तांब्या घेतला, दुसऱ्या वाटीत थोडं पाणी ओतलं, उंबऱ्यावरची एक मुंगी चिमटीत धरून त्यात सोडली आणि वाटी आनंदाबाईंच्या पुढ्यात ठेवली. ती थोडा वेळ वळवळली, मग निपचित झाली. मी म्हणाले, “आजी, मुंगी पाण्यातही मरते. तिला पोहता येत नाही, एवढंच.” आनंदाबाईंनी बोटानं ती मुंगी हलवून पाहिली. डॉक्टरीणबाईंनी तोवर चुलीवर पाणी उकळायला लावलं, निवल्यावर त्यात मीठ-साखर घालून चमच्या-चमच्यानं पाजायला शिकवलं, आणि मंदाला म्हणाल्या, “घे तिला छातीशी. आत्ता.” मंदानं सासूकडे पाहिलं. आनंदाबाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, तोंड फिरवलं. मग मंदानं पदर बाजूला केला. पोरगी आधी चोखेना, नंतर लागली. दिवस कलायच्या आत तिनं लघवी केली, आणि बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. ती पोर जगली. आता बसायला लागली आहे.

नमुन्यांचं सांगते, तुला समजेल असं. आम्ही पाण्याचे थेंब जांभळ्या रंगाच्या औषधात घालून उबेला ठेवतो. पोटातले, विष्ठेतले जंतू त्या पाण्यात असतील तर जांभळा रंग पिवळा पडतो आणि आतल्या बारीक उलट्या नळीत हवेचा बुडबुडा धरतो. कुंडाच्या पाण्याच्या सगळ्याच्या सगळ्या नळ्या पिवळ्या झाल्या. फटीतल्या पाण्याच्या जांभळ्याच राहिल्या. मी परत तपासलं, साहेबांनीही तपासलं, तेच निघालं. डोंगरातून येणारं पाणी चांगलं होतं. ते बिघडत होतं आपल्या अंगणात आल्यावर. मोठ्या माणसांना ते अंगवळणी पडतं, एखाद्या दिवशी पोट दुखतं आणि विसरायला होतं. पण ज्याच्या पोटात आईच्या दुधाखेरीज काही गेलेलं नाही, त्याला त्याच पाण्यात उगाळलेली घुटी रोज चाटवली तर काय होईल, ते मी तुला सांगायला नको. त्यात त्याला दूधही बंद केलं, म्हणजे जे त्याला तारू शकलं असतं तेवढंच काढून घेतलं.

निकाल सांगायला मी पुन्हा गेले, तेव्हा गावची माणसं मारुतीच्या पारावर जमली होती. झऱ्याची देखभाल महादेवराव नावाचे वयस्क गृहस्थ करतात, ते फार दुखावले. म्हणाले, “आमच्या बापजाद्यानं पेलं हे पानी, बाई. तुमची शिशी काल आली.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. फटीतल्या पाण्याच्या आणि कुंडातल्या पाण्याच्या नळ्या मी बरोबर नेल्या होत्या, त्या दोन्ही त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाले, झरा खोटा नाही, तुमची भिंत खचली आहे. त्यांनी त्या उन्हात धरून पुष्कळ वेळ पाहिल्या. भिंत खचलेली त्यांनाही ठाऊक होती. शेवटी, “मंग झाकून टाकू कुंड,” एवढं बोलून उठले. हिवाळ्यात गावानंच ते काम केलं. आखर हलवलं, फटीपुढं बंदिस्त टाकी बांधली, आणि आता पाणी नळानं खाली येतं, त्यात कुणी घागर बुडवत नाही. गेल्या आठवड्यात मी नळाचं पाणी तपासलं. चांगलं आहे. पावसाळ्यात पुन्हा तपासणार आहे, खरी परीक्षा तेव्हाच.

पाराजवळच्या त्या बैठकीत बाया मागं उभ्या होत्या, त्यात आनंदाबाई होत्या. मी परत निघाले तर त्या माझ्या मागं चालू लागल्या. गावाबाहेर सडकेपर्यंत आल्या. तिथं त्यांनी विचारलं, “तू पवनारची न? नातवाच्या बारशाले तिच्यासंगं होती?” म्हणजे ओळख त्यांना पटली होती, कदाचित पहिल्याच दिवशी. मी हो म्हणाले. त्या खाली बसल्या, सडकेच्या कडेला, मुरमावर. म्हणाल्या, “त्याच्या वक्ताले बी हेच पानी होतं. मीच उगाळो घुटी. मह्या हातानं.” मला त्यांचा राग यायला हवा होता, दहा वर्षं साठवला होता, आणि तो येईना. एक म्हातारी आपले तळहात उलटेसुलटे करून पाहत होती. एस.टी. दिसली तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “तिले सांगजो. तुह्या दुधात काई नव्हतं म्हना. मी म्हनलं म्हून सांगजो.” त्यांनी माफी मागितली नाही. तू ती द्यावीस असंही मी म्हणत नाही. निरोप दिला होता, तो पोचवते आहे.

शकू, खरं तेच लिहायचं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते. दहा वर्षांपूर्वीच्या त्या पाण्याची बाटली कुणी जपून ठेवलेली नाही, त्यामुळं सही-शिक्का मारून मी तुला काही देऊ शकत नाही. पण पवनारला याच दुधावर तो गुटगुटीत झाला होता. हिवरझरीला दूध तेच होतं, बदललं ते पाणी. मंदाचं दूधही ‘बाधलं’ होतं, आणि तेच पाजल्यावर तिची पोर उठली. मी रोज पाणी तपासणारी बाई आहे, अंदाजानं बोलायची मला सवय नाही. आणि मी तुला सांगते, तुझ्या बाळाला तुझं दूध बाधलं नाही. ते त्याला मिळालं नाही.

हे सगळं मी सावकाश, तू बाळंत झाल्यावर सांगणार होते. पण काल दुपारी प्रभाकरराव प्रयोगशाळेत आले. टोपी हातात, दारातच उभे. पिशवीतून त्यांनी खोबरेल तेलाची धुतलेली बाटली काढली, तुमच्या विहिरीचं पाणी भरलेली, आणि म्हणाले, तेवढं तपासून द्या. मी म्हणाले, भाऊजी, पाण्याला काय झालं? तेव्हा ते खाली पाहत म्हणाले, “डब्याचं दूध आणलं हाय. ती म्हनते, लेकराले माहं दूध द्याचं नाई. मंग पानी तरी चांगलं पायजे न.” ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, शकू, घाबरलेले आहेत. तुझ्यासमोर विषय काढला की तू उठून जातेस, म्हणाले, तुम्ही लिहा. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी मी येतेच आहे, पण त्याआधी तू हे एकटीनं वाचावंस असं वाटलं. बाळ झालं की त्याला धुऊन-पुसून पहिल्यांदा तुझ्याजवळ द्यायला सांग. पहिलं पिवळसर दूध येतं ते कुणी पिळून टाकायला सांगितलं तर टाकू नकोस, पाज. कुणी काही चाटवायला आणलं, अगदी काकूंनी मध आणला, तरी नको म्हण. भीती वाटेल. वाटू दे. मी तुझ्या पाठीशी उशी लावून तिथंच बसलेली असेन. तेलाच्या बाटलीतलं पाणी तपासून उपयोग नाही, म्हणून भाऊजींना मी आमची उकळून घेतलेली बाटली दिली आहे. ती भरून आली, की तुमच्या विहिरीचं पाणी मी नीट तपासून देईन, ते तुम्हां दोघांना प्यायला. बाळासाठी मला ते तपासायचं नाही.

तुझीच,
विमल